सव्वा तासाची पाटी

मी एक पाटी आहे. उभं राहून राहून कंटाळले, म्हणून आता आडवी पडून बोलतेय. ऐकणाऱ्यानं राग मानू नये.

चार वर्षं मी लोदच्या विमानतळावर भिंतीला टांगलेली होते. काम सोपं होतं. लोदहून देशातले दुसरे विमानतळ किती लांब आणि विमानाला तिथं पोचायला किती वेळ लागतो, एवढंच सांगायचं. हैफा, नव्वद किलोमीटर, अर्धा तास. रोश पिना, सव्वाशे किलोमीटर, चाळीस मिनिटं. एलात, दोनशे सत्तर किलोमीटर, सव्वा तास. या तीन ओळींपलीकडे मला काही येत नव्हतं. स्वतः मी विमानात कधी चढले नाही. दुसऱ्याला वाट सांगणारे बहुधा असेच असतात, जागचे हलत नाहीत.

आता इस्रायलातली पाटी मराठी कशी बोलते, असं कुणी विचारील. मी मूळची सागाची फळी. मुंबईला रे रोडच्या एका वखारीत पडून होते, तिथं १९५१ साली मोर्देखाय आवासकर मला बघायला आले. बघायला म्हणजे अगदी मुलगी बघतात तसं. बोटांनी ठोकलं, उलटंपालटं केलं, गाठी मोजल्या, आणि मग म्हणाले, "ही चालेल."

मोर्देखाय पेंटर होते. मूळचे अलिबागजवळच्या आवासचे, कोकणातल्या ज्यूंपैकी, राहायला माझगावला. दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मराठी, इंग्रजी, गुजराती आणि उर्दू, चारही लिपींत त्यांचा हात चाले. तीस वर्षांत आपल्याकडून एक वेलांटी चुकली नाही, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत. त्यांची बायको मलका लगेच म्हणायची, "पाट्या सरळ लिवतात, पण बोलणं सगळं वाकडं."

तिच्या म्हणण्यात अर्थ होता. देश सोडून इस्रायलला यायचं ठरलं तेव्हा मोर्देखायनी तिला सांगितलं होतं, "विमानात बसलीस की एक डुलकी काढ, जागी होशील ती येरुशलाइमच्या दारात." प्रत्यक्षात ठिकठिकाणी थांबत, उलट्या करत, दोन दिवसांनी ती लोदला उतरली, आणि उतरल्या उतरल्या नवऱ्याला म्हणाली, "पुन्हा तुमच्या घड्याळावर इश्वास ठेवणार नाही."

मी मागाहून बोटीनं आले. त्यांच्या भांड्यांच्या पेटीचं झाकण झाले होते. माझ्या अंगावर मोर्देखायनी ठळक अक्षरांत आपलं नाव आणि 'हैफा' असं लिहिलं होतं. तीन महिने मी अंधारात तांब्या-पितळेचा खडखडाट ऐकत काढले. पोचले तेव्हा आवासकरांचं कुटुंब छावणीत, तंबूत राहत होतं. चार विटांवर मला ठेवलं आणि मी जेवणाचं टेबल झाले. पाऊस पडला की सगळे मला उचलून डोक्यावर धरत. त्या वर्षात मी जितक्या कामांना आले, तितक्या नंतर कधी आले नाही.

पुढे त्यांना लोदमध्ये एका जुन्या दगडी घरात खोली मिळाली. आधी राहणारे अरब कुठं गेले हे कुणी विचारत नव्हतं. त्यांच्या लाकडी खुंट्या मात्र भिंतीत तशाच होत्या, आणि मलका त्यांवर कपडे अडकवताना दर वेळी क्षणभर थांबायची. मोर्देखायना विमानतळावर नोकरी लागली. शिड्यांवर आकडे घाल, दारांवर बाण काढ, असलं काम. पण हातात ब्रश होता, म्हणून माणूस खूष होता.

१९५३ साली तिथल्या मानहेलला, म्हणजे मुख्य साहेबाला, अंतराची आणि वेळेची पाटी हवी झाली. पण लाकूड कुठून आणणार? तेव्हा अंडंसुद्धा रेशनवर मोजून मिळायचं. मोर्देखाय घरी आले आणि माझ्यावरची ताटं उचलायला लागले.

"अहो, ही जेवायची फळी हाय आमची!"

"आता सगळा देश तिच्याकडं बघेल, मलका."

"देश बघेल, नि आपण जेवू मांडीवर," मलका म्हणाली. पण मला पुसून तिनंच दिलं.

त्या दिवसापासून माझी नोकरी सुरू झाली. मथळे हिब्रूत होते: ठिकाण, अंतर, उड्डाणाला लागणारा वेळ. खरं सांगू? ते मथळे फारसं कुणी वाचत नव्हतं. माणसं देशोदेशींची, नुकतीच आलेली. कुणाला अक्षरं लागत नसत, कुणाला वाचायचा कंटाळा. सगळे नुसते आकडे बघत. आकडा बघायचा, मनगटावरचं घड्याळ बघायचं, परत आकडा बघायचा, जसा काही मधल्या वेळात मी तो बदलणार होते! नवी लग्न झालेली जोडपी माझ्याकडं बघतही नसत. म्हातारे तीन-तीनदा बघत. ज्यांना कुणी घ्यायला येणार नसे, ती माणसं माझ्यासमोर सगळ्यांत जास्त वेळ उभी राहत. हे मी चार वर्षं पाहिलं आणि थकले.

दरम्यान आवासकरांच्या लेकीचं, बतशेवाचं, लग्न झालं. जावई नेहेमिया, एलातच्या बंदरावर कामाला. एलात म्हणजे देशाचं दक्षिणेचं शेवटचं टोक, पुढं समुद्रच. बतशेवाचं पहिलं बाळंतपण तिथंच झालं. रीतीप्रमाणे ते माहेरी व्हायला हवं होतं, पण मलका तेव्हा तापानं अंथरुणात होती. मूल जगलं नाही. त्यावर मलका कुणाशी बोलायची नाही. फक्त कधी मोर्देखायचा डबा घेऊन विमानतळावर आली की माझ्या तिसऱ्या ओळीकडं बघत उभी राहायची. सव्वा तास, एवढंच तर अंतर होतं!

१९५७च्या फेब्रुवारीत बतशेवाला पुन्हा आठवा सरत आला होता. पायांवर सूज होती. प्रवास करायचा नाही, अशी नर्सनं ताकीद दिली होती. नेहेमियाची तार आली: आईला लवकर पाठवा. आणि नेमका त्याच आठवड्यात वाळवंटात पाऊस झाला. कोरड्या नाल्यांना पूर आला, दक्षिणेचा रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला, बस बंद पडली. मग सगळे धावले विमानाकडं. विमान लहान, आठवड्यातून तीनदा जाणारं, आणि पुढचे पंधरा दिवस जागा भरलेल्या.

काउंटरवर ब्राखा नावाची मुलगी बसायची. इथंच जन्मलेली, भरभर हिब्रू बोलणारी, मनानं वाईट नव्हती. ती म्हणाली, "कुणी आलं नाही तर त्याची जागा देईन. रोज येऊन बसा."

मग मलका विमान जायच्या प्रत्येक दिवशी पहाटे नवऱ्याबरोबर कामगारांच्या बसनं यायची आणि माझ्याखालच्या बाकावर बसायची. मांडीवर बोचकं. त्यात ओवा, बाळंतशोपा, हळीव आणि जुन्या मऊ लुगड्याची दुपटी. विमानाची भीती तिला होतीच, पण ती आता कुठं तरी मागे पडली होती. पहिल्या दिवशी सगळे आले. दुसऱ्या दिवशी सगळे आले. तिसऱ्या दिवशीही विमान भरून गेलं आणि ती बोचकं घेऊन परत घरी. घोडं मेलं ओझ्यानं नि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, असं म्हणतात. मी त्या शिंगराकडं वरून बघत होते. तिनं एलियाहू हन्नाबीला, त्यांच्यातल्या नवसाला पावणाऱ्या पैगंबराला, पोहे-नारळाच्या मालिद्याचा नवस बोलला. नारळ इथं मिळत नाही, हे तिला ठाऊक होतं. "नारळाचं मी बघीन, तू जागेचं बघ," असं पुटपुटताना मी ऐकलं.

चौथ्या दिवसाची सकाळ सांगते. माझे आकडे उन्हानं फिके पडले होते आणि कुणी मोठे पाहुणे येणार होते, म्हणून मानहेलनं मोर्देखायना त्या दिवशी लवकर मला नव्यानं रंगवायला लावलं. ते शिडीवर चढले. मलका खाली बाकावर. हैफाची ओळ झाली. रोश पिना झाली. एलातची सुरू झाली. अंतर लिहून झालं, वेळेच्या रकान्यात ब्रश टेकला, आणि खालून मलकानं विचारलं,

"अहो, नक्की किती वेळ लागतो म्हणालात? खरं सांगा हां, मागल्यासारखं नको."

"सव्वा तास गो. हे बघ, लिवतोच आहे ना. एक पंधरा."

बस्स, तिथं घात झाला. तोंडातला एक हातात उतरला. जो एक त्यांनी आवासच्या मराठी शाळेत पाटीवर पहिल्यांदा गिरवला होता, तोच मराठी १ त्यांनी माझ्यावर काढला. वर गोल डोकं, खाली वळलेलं शेपूट. तेवढ्यात बाहेरून कुणी तरी "मोर्देखाय! शिडी!" असं ओरडलं. पुढचे 15 त्यांनी घाईघाईनं रोजच्या इंग्रजी आकड्यांत उरकले आणि ते शिडी घेऊन पळाले.

मलकानं वर पाहिलं. एक पंधरा. तिला त्यात काही खटकल्याचं दिसलं नाही. पण त्या सबंध विमानतळावर मला बरोबर वाचणारी ती एकटीच होती. बाकी सगळ्या जगासाठी माझ्या अंगावर लिहिलं होतं 9:15.

एलातचं विमान आठला सुटायचं.

पावणेआठच्या सुमाराला एक जाड चष्म्याचा इंजिनियर आला. हंगेरीहून आलेला, हिब्रू बेताची. सामान देऊन झालं होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं: एलात, 9:15. घड्याळ पाहिलं. परत मला पाहिलं. मग ती सुटायची वेळ समजून कोपऱ्यातल्या चहाच्या टेबलाशी जाऊन त्यानं वर्तमानपत्र उघडलं.

अहो, मी ओरडले असते! चार वर्षं खरं सांगत आलेली मी, आणि माझ्या तोंडून एका भल्या माणसाला खोटं सांगितलं जात होतं. बाहेर अंगणात ब्राखानं त्याचं नाव तीनदा पुकारलं. नाव तिला नीट उच्चारता येत नव्हतं आणि आत विमानाच्या आवाजात काही कळत नव्हतं. त्यानं साखर ढवळली. ब्राखा धावत आत आली, बाकाकडं वळली आणि म्हणाली,

"गिवेरेत, बोई! महेर, महेर!"

बाई, चला, लवकर, असा त्याचा अर्थ. मलका उठली. वजनकाट्यावर बोचक्यासकट उभी राहिली. दाराशी जाताना तिनं एकदा वळून माझ्याकडं पाहिलं, देवाला नमस्कार करावा तसा डोक्यावर पदर घेतला, आणि गेली.

त्या इंजिनियरचं एलातला काय अडलं होतं, मला कधी कळलं नाही. अंगावर नवा कोरा सूट होता. कोण जाणे, कुणी तरी त्याची वाट बघत असेल. ते मला अजून टोचतं.

नऊला तो उठला, आणि मग जे व्हायचं ते झालं. तो माझ्याकडं बोट दाखवून ओरडत होता. मानहेल आला, ब्राखा आली, सामान उचलणारे आले. मोर्देखायना बोलावलं.

"मा झे?" मानहेलनं माझ्या आकड्यावर काठी ठेवून विचारलं. हे काय आहे?

"एक," मोर्देखाय म्हणाले. आणि मग त्यांनी नीट पाहिलं. त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला.

"एक? सगळ्यांना नऊ दिसतंय आणि तुला एक?"

"आमच्या मराठीत असा काढतात. चूक झाली."

"तुझ्या बायकोला याची जागा मिळाली. हीसुद्धा चूक?"

दोनच वाटा होत्या. मुद्दाम केलं म्हणावं तर लबाड, चुकलं म्हणावं तर अडाणी. मोर्देखाय पुन्हा म्हणाले, "चूक झाली. लक्ष नव्हतं."

मागून कुणी तरी हसून म्हणालं, "होदी आहे ना! यांना आकडेसुद्धा शिकवायला हवेत." होदी म्हणजे हिंदुस्थानातला. चार लिपींत पाट्या लिहिणारा माणूस खाली मान घालून ते ऐकत होता. मानहेलनं त्यांच्या हातातला ब्रश काढून घेतला आणि त्यांना सामान उचलायच्या कामावर टाकलं. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. मला भिंतीवरून उतरवलं आणि सांगितलं, "तुझीच फळी ना? ने घरी." माझ्या जागी पुढं पत्र्याची छापील पाटी आली. तिला मराठी येत नाही.

घरी मोर्देखायनी मला भिंतीशी टेकवलं आणि टर्पेंटाइनमध्ये चिंधी बुडवली. तो आकडा पुसायचा होता त्यांना. चिंधी माझ्या अंगापर्यंत आणली आणि तशीच धरून बसले. मलका वेळेवर पोचली की नाही, तेही त्यांना माहीत नव्हतं. दोन दिवस ते कामावर जात, येत आणि माझ्यासमोर बसत. एकदा मला म्हणाले, "तीस वर्षांत पहिली चूक, आणि ती एक लिहिताना."

तिसऱ्या दिवशी तार आली. मुलगी. दोघी ठीक. मोर्देखायनी ती चारदा वाचली, चिंधी बाहेर फेकली आणि लहान मुलासारखे रडले.

सगळी हकिगत मलकाकडून कळली ती सव्वा महिन्यानं, लेकीचं बाळंतपण उरकून ती परत आली तेव्हा. ती पोचली त्याच दुपारी बतशेवाला कळा सुरू झाल्या. नर्स दुसऱ्या एका बाईकडं अडकलेली. बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा होता. मलकानं आपल्या हातांनी तो सोडवला, बाळाच्या पाठीवर थोपटत राहिली, आणि किती तरी वेळानं ते रडलं. पुढच्या विमानानं गेली असती तर पुन्हा तेच झालं असतं. हे ती दाराशीच, बोचकं खाली न ठेवता सांगत होती. मग तिनं मला भिंतीशी पाहिलं.

"विमानतळावर ब्राखानं सगळं सांगितलं मला," ती म्हणाली. "मुद्दाम केलंत ना? माझ्यासाठी?"

मोर्देखायनी तिच्या हातातलं बोचकं घेतलं.

"अख्ख्या विमानतळाला नऊ नि मला एक! एवढी अक्कल तुम्हाला असेल असं मला तीस वर्षांत वाटलं नव्हतं."

तिच्या आवाजात इतकं कौतुक होतं, की त्या दमलेल्या माणसाला मोह आवरला नाही. "हं," ते म्हणाले. नुसतं हं. मी पाटी आहे, मला खोटं खपत नाही. पण त्या दिवशी मी गप्प राहिले.

तेव्हापासून दोन वर्षं झाली. मलकानं मला दोन लाकडी ठोकळ्यांवर बसवलं, आणि शुक्रवारी शब्बाथचा दिवा माझ्यावर लागतो. आलेल्या गेलेल्याला ती गोष्ट सांगते. दर वेळी नवऱ्याची हुशारी थोडी वाढते. अलीकडे तर मोर्देखायनी आठ दिवस आधीपासून बेत आखला होता, इथपर्यंत मजल गेली आहे. मोर्देखाय खांदा चोळत ऐकतात. लोकांच्या पेट्या उचलून त्यांचा उजवा खांदा गेला आहे. हातात ब्रश धरला तरी आता सरळ रेघ येणार नाही.

गेल्या शुक्रवारी बतशेवा मुलीला घेऊन आली होती. मुलगी दोन वर्षांची, तिचं नाव मिरियाम. तिसऱ्या प्रहरी मलकानं तिला माझ्यासमोर बसवलं, तो आकडा तिच्या बोटानं गिरवून घेतला आणि सगळी गोष्ट सांगितली. मुलीला मराठी निम्मीअर्धी कळते. ती आजोबांकडं बघून हसली आणि आईबरोबर अंगणात गेली. मोर्देखायचा चेहरा मात्र विमानतळावर झाला होता तसा झाला.

मलका दिव्याची वात सारखी करत होती. ते तिच्याजवळ येऊन उभे राहिले.

"मलका, पोरीला खोटं नको सांगूस. मी मुद्दाम नव्हतं केलं गो. चूकच झाली होती."

तिनं वातीवरून नजर उचलली नाही. "मला ठाऊक हाय."

"काय ठाऊक?"

"मी खाली बसून बघत नव्हते काय? मीच विचारलं, नि तुमचा हात चुकला. कुणाला नऊ दिसेल हे मला तवा सुचलं नाही. पण विमानात बसल्यावर सुचलं."

"मग दोन वर्षं हे सगळं..."

"तिकडं सगळ्यांनी तुम्हाला अडाणी म्हटलं," मलका म्हणाली. "घरात तरी कुणी हुशार म्हणायला नको?"

मोर्देखाय खाली बसले, माझ्या शेजारी. मग मलकानं दिवा माझ्यावर ठेवला, नेहमीच्या जागी, त्या १ च्या जरा बाजूला, म्हणजे तेल सांडून तो खराब होऊ नये.

माझं एवढंच मागणं आहे. लाकूड चांगलं आहे म्हणून उद्या कुणी मला रंधा मारील, खिडकीला लावील, पाळण्याला लावील. खुशाल लावा, मला आता कशाचं काही वाटत नाही. हैफा पुसा, रोश पिना पुसा, सगळी अंतरं पुसा. तेवढा एक राहू द्या.